एका मापाची अक्षरं

नेरच्या बस स्टँडसमोर एखाद्या पुढाऱ्याचं नवं बॅनर लागलं की तागडे मॅडम लुना बाजूला घेत, स्टँडवर लावत, पदरानं चष्मा पुसत आणि ते बॅनर वरपासून खालपर्यंत वाचून काढत. मग आजूबाजूला कुणी असो नसो, मोठ्यानं म्हणत, "याचा ठळक कोणी बंद केला नाही वाटते." एवढं बोलून लुना सुरू करून निघून जात. समोरच्या पानठेलेवाल्याला यातलं अक्षर कळत नसे. पण बाई काहीतरी अपमानाचं बोलून गेल्या एवढं त्याला बरोबर उमगे आणि त्याचा दिवस चांगला जाई.

शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे माइकसमोर उभे राहिले की मॅडम बातमीसाठी आलेल्या माझ्याकडे वळून पुटपुटत, "उघडली खूण. आता बंद कराले कोण उठते ते पाहू." बहुधा कुणी उठत नसे. पाहुणे स्वतःबद्दल बोलून बोलून दमले की आपोआप बसत. मुलं तोवर चुळबुळत बसलेली असत, आणि मॅडम पिशवीतून विणकाम काढून दोन ओळी पुढे गेलेल्या असत.

मॅडमची स्टँडच्या रस्त्यावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्याच हाताखाली बोटं मोडून नोकरीला लागलेले. पुढे कॉम्प्युटर आले आणि टाइपरायटर भंगारात गेले. अशा वेळी शहाण्या माणसानं नशिबाला दोष देत घरी बसायचं असतं. मॅडमना ते जमलं नाही. नवरा वारलेला, मुलगी अमरावतीला नर्सिंगला. तरी बाई रोज एस.टी.नं अमरावतीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स शिकल्या. "पोट्टे काकू म्हणत मले," त्या सांगत. "म्हटलं, म्हणा. काकूले पास व्हाचं हाये, लग्नाले नाही जाचं तुमच्या."

आता आमचं चॅनेल. गजूभाऊ नावाच्या केबलवाल्यानं गावात स्वतःचं चॅनेल काढलं होतं. दिवसभर कुठूनतरी आणलेले हिंदी पिक्चर आणि संध्याकाळी सात वाजता स्थानिक बातम्या. त्या बातम्या मी वाचत असे. कॅमेऱ्यात येई तेवढ्या भागावर कोट-टाय आणि खाली घरचा पायजमा नि चप्पल, असा माझा थाट होता. बातम्यांनंतर जाहिराती, वाढदिवस, कापसाचे भाव आणि दुःखद निधन. मॅडम येण्याआधी हे सगळं एक पेंटर पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून देई, आणि गजूभाऊ त्या पुठ्ठ्यावर कॅमेरा रोखून बसत. खोलीतला पंखा लागला की त्या दिवशीची सगळी निधनं घराघरांतल्या टीव्हीवर हलत.

हे पाहवेना म्हणून मॅडमनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला आणि गजूभाऊंनी त्यांना पगारावर ठेवलं. इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा एकही विद्यार्थी उरला नव्हता. त्या पगारावरच त्यांचं घर आणि मुलीचं होस्टेल चाले, हे गजूभाऊंना ठाऊक होतं आणि ते तसं अधूनमधून आठवणीनं बोलूनही दाखवत.

प्रोग्राम कसा चालतो ते मॅडमनी मला एकदा समजावलं. मी बातम्या वाचत असल्यामुळे मला सगळं कळतं असा तेव्हा माझा समज होता.

"हे पाह्य, संजय. मशीन बह्याड असते, अक्कल नसते त्याले. ते एक एक अक्षर वाचत जाते. स्टार दिसला का लक्षात ठेवते, आता जाड, म्हंजे ठळक, कराचं हाये. पुढचा स्टार दिसला का विसरते. मधातलं सारं जाड काढते. स्टार टीव्हीवर दिसत नाही. तो मशीनले सांगाले असते, लोकाईले दाखवाले नाही."

"अन् दुसरा स्टार दिलाच नाही तं?"

"तं जाडच काढत जाते. थांब म्हणून कोणी सांगतलं नाही न त्याले."

शिवाय प्रत्येक शब्द पडद्यावर किती जागा घेईल ते प्रोग्राम आधी मोजे, कारण जाड शब्द जास्त जागा खातो. ओळीत मावला नाही तर अख्खा शब्द खालच्या ओळीत उतरवे. शब्द मधून तोडलेला मॅडमना खपत नसे. रंगासाठी चौकोनी कंसात 'लाल' लिहायचं, आणि लाल संपवायचं असेल तिथे तिरकी रेघ देऊन पुन्हा 'लाल'. तसेच अख्ख्या पाटीसाठी मोठे खाने होते. 'वाढदिवस' उघडला की अक्षरं गुलाबी, टपोरी, लुकलुकणारी, आणि चारी बाजूंनी झेंडूची माळ. 'भाव' उघडला की हिरवी पाटी आणि पांढरे आकडे.

त्या वर्षांत कापसाच्या भावाची पाटी लागली की घरातलं बोलणं बंद पडे. खरेदी केंद्र आज उघडणार, उद्या उघडणार, असं करत कापूस लोकांच्या खोल्यांत छतापर्यंत रचून पडलेला असे आणि घरची माणसं त्याच्या कडेनं अंग चोरून वावरत. गजूभाऊंना यावर उपाय सुचला. "मॅडम, भाव जरा मोठ्या अक्षरात दाखवत जा न. लोकाईले बरं वाटते."

"अक्षर मोठं केल्यानं भाव मोठा होत असन," मॅडम म्हणाल्या, "तं सरकार आपल्या दोघाईले मुंबईले बोलावून नेईन, गजूभाऊ. घरून स्वेटर घेऊन ठेवा, तिथल्या ऑफिसात एसी असते."

निधनंही त्या वर्षांत वाढली. तालुक्यातल्या तिशीतल्या धडधाकट माणसांना अचानक 'अल्पसा आजार' होऊ लागला होता. घरचे लोक चिठ्ठीवर तेवढंच लिहून आणत, मॅडम तेवढंच टाइप करत. दिल्ली-मुंबईच्या टीव्हीवाल्यांच्या गाड्या येत आणि आमच्याच ऑफिसात चहा पिऊन विचारत, की जवळपास असं एखादं घर मिळेल का, रस्त्यालगत असलं तर बरं. मॅडम त्यांना हात जोडून म्हणत, "या न, बसा. चहा घ्या अन् परत जा." ते हसत. त्यांना वाटे, बाई विनोदी आहे.

तर झालं असं, की मॅडम एकदा मुलीकडे अमरावतीला गेल्या होत्या आणि कापसाच्या जिनिंगवाल्या दादासाहेबांच्या पुतण्याचा वाढदिवस आला. दादासाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. कापूस कुणाचाही असो, फोटो त्यांचाच. आमचं ऑफिस त्यांच्या इमारतीत, आमची डिश त्यांच्या गच्चीवर. तेव्हा शुभेच्छा स्वतःच्या हातानं टाइप करायच्या म्हणून गजूभाऊ अंघोळ करून बसले. वाढदिवसाचा खाना त्यांनी थाटात उघडला आणि बंद करायचं विसरले. त्याच्यापुढे सुतारांच्या म्हातारीचं निधन होतं. त्या संध्याकाळी अख्ख्या नेरनं 'दुःखद निधन' गुलाबी रंगात, झेंडूच्या माळेत, लुकलुकताना पाहिलं. म्हातारीचे नातू रंधे-पटाशी घेऊनच ऑफिसात आले. गजूभाऊ संडासात जाऊन बसले आणि आतूनच "टेक्निकल हाये, टेक्निकल हाये" असं ओरडत राहिले.

मॅडम परतल्या त्या आधी सुतारांकडे गेल्या. तिथे बायकांमध्ये अर्धा दिवस बसल्या. ऑफिसात आल्यावर गजूभाऊंशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि प्रोग्रामात नवा खाना घातला: 'शोक'.

"आता शोक उघडला का आधीचं जे काही उघडं राह्यलं असन ते सारं बंद," त्यांनी मला सांगितलं. "अन् आतमधी एकही खूण ऐकाची नाही. स्टार आला, गिळून टाकाचा. लाल आला, गिळून टाकाचा. काळी पाटी, पांढरं अक्षर, एक माप. पहिल्या ओळीत गेलेल्याचं नाव, खाली बाकीचं. सगळ्याईले सारखा वेळ, मंग पुढचा. सारे झाले का पुन्हा पहिल्यापासून."

"अन् एखादा मोठा माणूस गेला तं?"

"मेल्यावर कोणाची उंची वाढते काय गा?"

मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीवर ही बाई फारच ताणून राहिली आहे. मग एक दिवस रेल्वे नसलेल्या आमच्या गावच्या हमालपुऱ्यातला एक माणूस बापाच्या निधनाची चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला. आत यायला तयार नाही. "आमचं बी लावता का बाई, का मेंबर लोकाईचंच लावता?" मॅडमनी कीबोर्डवरून मान वर केली नाही. "मेला न तुहा बाप? मंग लागते. नाव सांग." संध्याकाळी तो माणूस टीव्हीच्या दुकानाबाहेर उभा होता, कारण त्याच्या घरी टीव्ही नव्हता. बापाचं नाव आलं तेव्हा त्यानं टोपी काढली. त्याच्या आधी एका सावकाराचं नाव येऊन गेलं होतं आणि दोन्ही नावांचं माप अगदी सारखं होतं. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून हे पाहिलं आणि नंतर मॅडमशी त्या विषयावर वाद घातला नाही.

पुढे दादासाहेबांच्या आई वारल्या.

मोटारसायकलवर माणूस मजकूर घेऊन आला. पुतण्याला आता सगळ्या खुणा पाठ झाल्या होत्या. कागदभर स्टार, लाल, मोठं, सोनेरी. त्यात दादासाहेबांच्या सगळ्या पदव्या, सगळ्या संस्था, सगळी अध्यक्षपदं ओळीनं मांडलेली आणि शेवटी 'यांच्या पूज्य मातोश्री यांचे निधन'. मॅडमनी कागद दोनदा पाहिला.

"बाईचं नाव काय?"

"दादासाहेबाच्या आई," माणूस म्हणाला.

"ते समजलं. नाव?"

"नाव कायले पाह्यजे? साऱ्या तालुक्याले माहीत हाये."

"मंग तुम्हालेही असन."

त्याला नव्हतं. मॅडमनी मजकूर दिला तसा शोकाच्या खान्यात टाकला. प्रोग्रामनं सगळे स्टार आणि सगळं सोनं मुकाट्यानं गिळलं. संध्याकाळी पडद्यावर नावाची पहिली ओळ कोरी काळी राहिली आणि तिच्याखाली त्याच मापाच्या पांढऱ्या अक्षरांत दादासाहेबांची अध्यक्षपदं. आधीच्या पाटीवर एका हमालाचं निधन होतं, नंतरच्या पाटीवर एका मास्तरांच्या पत्नीचं. त्या दोघांचीही नावं होती.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब स्वतः ऑफिसात आले. गजूभाऊ खुर्ची पुसत होते ती पुसतच राहिले.

"मॅडम, माझी आई गेली आहे," दादासाहेब म्हणाले. आवाज खाली होता, डोळे खरंच सुजलेले होते. "आणि तुम्ही तिला हमालाच्या रांगेत बसवलं."

"रांगेत नाही, दादासाहेब. त्याच्यानंतर. हमाल आदल्या दिवशी गेला व्हता."

"मॅडम!" गजूभाऊ कळवळले. "प्रोग्रामातली खुणा गिळाची एक ओळ बदलाची हाये फक्त. तुम्हीच म्हणता न, एकच ओळ हाये म्हणून."

"एकच हाये, म्हणून तं सांभाळून राह्यली." मग त्या दादासाहेबांकडे वळल्या आणि त्यांच्या आवाजातली धार गेली. "तुमच्या आईचं नाव सांगा. आत्ताच्या आत्ता पहिल्या ओळीत लावते. आजच्या आज दिसन."

"आईसाहेब म्हणून ओळखतं सगळं गाव."

"मी नाव विचारून राह्यली."

दादासाहेबांना आईचं नाव ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही, एवढा दुष्ट मी नाही. पण ज्या तागडे आडनावाला त्यांच्या वाड्याचा उंबरा बंद होता, त्या आडनावाच्या बाईनं समोर बसून विचारावं आणि आपण उभं राहून सांगावं, हे त्यांच्या घशातून वर येत नव्हतं. ते गजूभाऊंना म्हणाले, "ही बाई उद्या इथे दिसायला नको." आणि गेले.

गजूभाऊंनी मॅडमना जिन्यात नेऊन पुष्कळ विनवलं. मुलीच्या होस्टेलची आठवण करून दिली. त्या बाबतीत ते कधी कमी पडत नसत. मॅडमनी डबा पिशवीत टाकला, प्रोग्रामच्या फ्लॉपी पदरात गुंडाळल्या आणि मला म्हणाल्या, "टाय वाकडा हाये तुहा." त्या जिना उतरून गेल्या, आणि त्या दिवशी सात वाजता मी कापूस खरेदीची बातमी दोनदा वाचली.

नागपूरहून नवं सॉफ्टवेअर आलं. त्याला कसलीच लाज नव्हती. जे सांगाल ते करी. दादासाहेबांच्या आईसाहेब तेरवीपर्यंत रोज सोनेरी अक्षरांत झळकल्या, म्हणजे दादासाहेब झळकले, कारण फोटोही त्यांचाच होता, हात जोडलेला. मागाहून गजूभाऊंनी निधनांना दर लावले: मोठं अक्षर, मध्यम अक्षर, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी खालची पळती पट्टी. नेरमध्ये माणसं पुन्हा लहान-मोठी मरू लागली. हमालपुऱ्यातल्या लोकांची नावं गुटख्याच्या जाहिरातीच्या मागोमाग इतक्या वेगानं पळत, की घरच्यांना ती सापडत नसत.

मॅडमनी लुना विकली. मुलीचं शिक्षण थांबू दिलं नाही, लोकांचे अर्ज टाइप करून, शाळांच्या प्रश्नपत्रिका छापून देऊन ओढून नेलं. आणि एक दिवस इन्स्टिट्यूटच्या खिडकीत रस्त्याकडे तोंड करून एक जुना मॉनिटर ठेवला. काळी पाटी, पांढरं अक्षर, एक माप. जो चिठ्ठी आणेल त्याचं नाव लागे. मी म्हटलं, "मॅडम, चॅनेलला टक्कर देता काय?" तर म्हणाल्या, "खिडकी माही हाये, वीजबिल माहं हाये. तुहं काय जाते?" भारनियमनात मॉनिटर बंद पडे तेव्हा लोक शेजारच्या ओट्यावर बसून वीज यायची वाट पाहत. ज्यांची माणसं सोनेरी अक्षरांत लागली होती तेही हळूच चिठ्ठी आणू लागले. कारण विचारलं तर म्हणत, जाता-येता दिसते.

एका दुपारी चार-साडेचारला मी तिथे बसलो होतो. एक म्हातारी दारव्ह्याकडच्या गाडीतून उतरली. लुगडं धुऊन धुऊन विरलेलं, हातात कापडी पिशवी. विचारत विचारत खिडकीशी आली.

"नावं लावते ते बाई कोन्ती?"

"मीच हाये, आजी. या."

"माह्या बहिणीचं लावाचं हाये. तिथीसा टीव्हीवर सोन्याचं लावलं म्हणे. म्या नातवाले म्हटलं, वाच. त्यानं सारं वाचलं. सारं तिच्या पोराचंच निंघालं. तिचं नाव कोठीच नाही."

मॅडमची बोटं थांबली. "कोण वं बहीण तुमची?"

"ते नाही का, जिनिंगवाल्या दादासाहेबाची माय."

मी खुर्चीतून उठलोच. मला वाटलं, आता आला हिशेब बरोबर. "मॅडम," मी म्हटलं, "लावा मोठ्ठं. अख्खा पडदा भरून लावा. जिनिंगवरून दिसलं पाहिजे." खरं सांगायचं तर मला त्या म्हातारीची काळजी नव्हती, दादासाहेबांचं तोंड बघायची घाई झाली होती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नाव सांगा, आजी."

"गया. गयाबाई. आमी गयी म्हणो तिले."

मॅडमनी टाइप केलं आणि म्हातारीला हाताला धरून बाहेर खिडकीसमोर आणलं. पाटी बदलली. पहिल्या ओळीत नाव आलं. गयाबाई. बाकी काही नाही.

"कोन्तं हाये वं?"

मॅडमनी तिचं बोट धरून काचेवर नावाखालून फिरवलं. म्हातारी वाचता न येणाऱ्या त्या अक्षरांकडे नुसती पाहत राहिली. इतक्यात पाटी बदलली.

"आं! कुठीसा गेली?"

"फिरून येते, आजी. साऱ्याईची पाळी असते."

"थांबव न वं जराशी. लेकीसारखी हायेस मले."

थांबवायला फक्त एक बटण दाबायचं होतं. कीबोर्ड खिडकीच्या आतच होता, हात लांबवला की पोचेल इतका. मॅडमचे डोळे भरून आले होते. पण हात पदरात होता तो तिथेच राहिला. इतका राग मला त्या बाईचा आयुष्यात कधी आला नाही.

"नाही थांबवता येत, आजी," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्याईचेही कोणी उभे असतीन."

म्हातारीनं मागे वळून पाहिलं. खरंच दोन-तीन माणसं उभी होती. तिनं मान हलवली, पायरीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. "बरं. मंग हे कोन हाये?"

मॅडम तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि वाचून सांगू लागल्या. हा खरडगावचा, अल्पशा आजारानं. "अरेरे. लेकरं हायेत काय त्याले?" हायेत, आजी. ही हमालपुऱ्यातली. हे रिटायर मास्तर. म्हातारी प्रत्येकाचं नाव एकदा स्वतःशी म्हणे, प्रत्येकाला हात जोडे. मागचे लोकही पुढे सरकून कोण कुणाचा ते सांगू लागले.

दारव्ह्याची परतीची गाडी स्टँडवरून निघाली आणि खिडकीसमोर थांबली. कंडक्टरनं घंटी मारून हाक दिली, "ओ आजी, चला! ही शेवटची गाडी हाये!"

म्हातारीनं पडद्यावरून नजर न काढता हात हलवला. "जाय बाबा तू. माही गयी येऊन राह्यली."